तेरवीचा हिशोब

संग्रामपूर तालुक्यात, वरवट बकालच्या स्टँडवर किंवा कृषी केंद्राच्या बाकड्यावर, कुणाला ब्लड कॅन्सर निघाल्याची बातमी आली की निकाल तिथंच लागतो. ‘आता काय रायलं? घरी आना, सेवा करा. पैसा बी जाते अन् मानूस बी जाते.’ असं फक्त अडाणी माणूस बोलतो असं नाही. मास्तर बोलतात, सोसायटीचे संचालक बोलतात, बी.एस्सी. झालेला पुतण्याही बोलतो. शहरात हेच मत जरा बेतानं मांडतात: ‘किमोनं उगाच हाल करू नका, उरलेले दिवस सुखात जाऊ द्या.’ शब्द वेगळे, निवाडा तोच.

या मताचं खंडन करायचं तर आधी ते पूर्ण ताकदीनिशी मांडलं पाहिजे. दुबळा पूर्वपक्ष उभा करून तो पाडण्यात काही पुरुषार्थ नाही.

पूर्वपक्षाचा पहिला आधार अनुभव. प्रत्येक गावात असा एक तरणा पोरगा होऊन गेलेला असतो. आधी ताप, मग हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग. ‘पेशी कमी झाल्या’ म्हणून डेंग्यूचे सलाइन, मग शेगाव, अकोला, नागपूर आणि दीड-दोन महिन्यांत तेरवी. दुसरा आधार पैसा. खारपाणपट्ट्यातली कोरडवाहू शेती. विहिरीला पाणी असलं तरी ते पिकाला चालत नाही. अशा जमिनीतले दोन एकर विकून आलेला पैसा महिन्याभरात उडतो, आणि माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांना ना जमीन उरते ना कर्ता. तिसरा आधार डोळ्यांना दिसणारे हाल: उपचाराआधी चालतंबोलतं माणूस पहिल्या किमोनंतर केस गेलेलं, तोंड आलेलं, उलट्यांनी गळालेलं दिसतं. रोगानं मारलं की औषधानं, असा प्रश्न बघणाऱ्याला पडला तर त्याला वेड्यात काढता येत नाही. चौथा आधार दैवाचा, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

सिनेमानंही या मताला खतपाणी घातलं. ‘आनंद’ (1971) मधल्या आनंदला आतड्याचा लिम्फोसार्कोमा असतो. म्हणजे आजच्या भाषेत लिम्फोमा, रक्ताच्या कॅन्सरांच्याच कुळातला. ‘अंखियों के झरोखों से’ (1978) मधल्या नायिकेला ल्युकेमिया. ‘मिली’ (1975) ची तर कमाल आहे. मिलीला होतो तो पर्निशियस अॅनिमिया, आणि ज्या बी-12 जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनांनी तो आटोक्यात राहतो ते 1948 मध्येच हाती आलं होतं. तरीही मिलीच्या नशिबी स्वित्झर्लंडचं विमान. पटकथेला असाध्य रोग हवा होता, तो वैद्यकाच्या पुस्तकात उरला आहे की नाही याची चौकशी कोण करतो?

आता उत्तरपक्ष. अनुभव खोटा आहे असं मी म्हणत नाही. तो एकतर्फी मोजलेला आहे.

मरण गावासमोर घडतं. मयतीला गाव जातं, तेरवीला पंगत बसते, वर्षश्राद्धाला पुन्हा नाव निघतं. बरं झालेलं माणूस मात्र लपवलं जातं. आठव्या वर्षी ल्युकेमिया होऊन दहाव्या-अकराव्या वर्षी औषध थांबलेली मुलगी विशीत आली की घरचे पहिली गोष्ट कोणती करत असतील, तर तिची जुनी फाइल कपाटाच्या तळाशी टाकतात. पाहुणे बघायला येणार असतात. सोयरीक मोडेल या भीतीनं मामालाही खरं सांगितलेलं नसतं. ‘लहानपणी मोठा ताप आला होता’ एवढंच. रोज एक गोळी घेऊन शेतात राबणारा, सीएमएल नावाचा ब्लड कॅन्सर असलेला माणूस विचारणाऱ्याला ‘रक्ताची गोळी हाय’ म्हणून वाटेला लावतो. त्याचं काय चुकलं? कर्ज मागायला जायचं असतं, बटईनं वावर घ्यायचं असतं. ‘कॅन्सरवाला’ म्हटल्यावर व्यवहार कोण करेल? अभिनेते शरद पोंक्षे यांना हॉजकिन्स लिम्फोमा झाला, त्यांनी उपचार घेतले, 2019 मध्ये ‘हिमालयाची सावली’तून ते रंगमंचावर परतले आणि या सगळ्याबद्दल जाहीर बोलले, लिहिलं. नामवंत नटाला ते परवडतं. टुनकी-सोनाळ्याच्या लग्नाच्या मुलीला परवडत नाही. त्यामुळं गावाच्या हिशोबाच्या वहीत एकच बाजू भरत राहते. आपल्या नैयायिकांनी व्याप्तीची कसोटी फार कडक ठेवली होती: ‘जिथं हे, तिथं ते’ असा नियम एका अपवादानंही पडतो. इथं अपवाद शेकड्यानं आहेत, फक्त ते साक्षीला येत नाहीत.

दुसरा दोष त्याहून मूलभूत आहे. ज्याला आपण ब्लड कॅन्सर म्हणतो तो एक रोग नाही. ल्युकेमिया, लिम्फोमा, मायलोमा ही तीन मोठी कुळं, आणि एकेका कुळात कितीतरी प्रकार. रिपोर्ट हाती आल्यावर गावातला पहिला प्रश्न असतो, ‘कोणती स्टेज?’ स्तनाच्या किंवा तोंडाच्या गाठीला हा प्रश्न बरोबर आहे. ल्युकेमियाला तो तसा लागूच पडत नाही, कारण तो सुरुवातीपासून रक्तात आणि अस्थिमज्जेत पसरलेलाच असतो. ‘सगळ्या अंगात पसरला, म्हणजे शेवटची स्टेज’ हे अनुमान इथंच घसरतं. विचारायचं असतं ते ‘कोणता?’ आणि त्याचं उत्तर सीबीसी या साध्या रक्ततपासणीतून मिळत नाही. सीबीसीनं संशय येतो, स्लाइडनं तो बळावतो, पण नाव कळायला कमरेच्या हाडातून मज्जा काढून तपासावी लागते, पेशींवरच्या खुणा पाहाव्या लागतात, गुणसूत्रं पाहावी लागतात. या तपासण्यांचे आठ-दहा दिवस घरच्यांना फुकट गेल्यासारखे वाटतात. पुढचा सगळा निर्णय मात्र त्यांच्यावरच ठरतो.

नावानं काय फरक पडतो ते तीन उदाहरणांत पाहू.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, तोच सीएमएल. बऱ्याचदा तो दुसऱ्याच कारणानं केलेल्या रक्ततपासणीत सापडतो, नाहीतर पोटात डाव्या बाजूला जडपणा येतो म्हणून. पानथरी वाढलेली असते. सातपुड्याच्या पायथ्याला पानथरी म्हटलं की आधी मलेरिया आठवतो, हे साहजिकच. पांढऱ्या पेशी चार ते अकरा हजार असायच्या तिथं लाखावर निघतात. आकडा पाहून घरात रडारड होते. एका गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याला जोडला गेल्यामुळं हा रोग होतो, हे 1973 मध्ये जॅनेट राऊली यांनी दाखवलं. त्या चुकीच्या जोडणीतून तयार होणाऱ्या प्रथिनाला अडवणारी इमॅटिनिब ही गोळी अमेरिकेत 2001 मध्ये मंजूर झाली. ती घेणाऱ्यांचा दीर्घ पाठपुरावा झाला तेव्हा दहा वर्षांनी सुमारे 83 टक्के रुग्ण जिवंत होते. त्याआधी निदानानंतर चार-पाच वर्षं मिळाली तरी पुष्कळ मानत. ज्याला ‘संपलं’ म्हणून घरी आणायचं, त्याला खरं तर रोज जेवणानंतर एक गोळी आणि ठरावीक महिन्यांनी एक रक्ततपासणी एवढंच सांगायचं असतं.

दुसरा एपीएल, म्हणजे अॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया. हा अगदी उलट स्वभावाचा. इथं रक्तस्राव पहिल्या काही दिवसांतच जीव घेतो, म्हणून नुसता संशय आला तरी पक्क्या रिपोर्टची वाट न पाहता अ जीवनसत्त्वाच्या कुळातली एक गोळी त्याच दिवशी सुरू करतात. ते पहिले दिवस निभावले की हाच रोग सगळ्या तीव्र ल्युकेमियांत बरा व्हायला सर्वांत सोपा. त्यावरचं दुसरं औषध चीनमधल्या हार्बिनच्या डॉक्टरांनी 1970 च्या दशकात वापरात आणलं, आणि ते आहे आर्सेनिक. फार धोका नसलेल्या गटातल्या रुग्णांना ही दोन औषधं मिळून दिली तेव्हा दोन वर्षांनी 97 टक्के रुग्ण रोगाशिवाय जिवंत असल्याचं 2013 मध्ये प्रसिद्ध झालं. ‘म्हणजे आमचा सोमलच की’ असं म्हणून कुणी पुडी बांधून देऊ लागेल, म्हणून सांगतो: हे शुद्ध केलेलं औषध मोजून शिरेतून देतात, हृदयाचा आलेख आणि क्षार वेळोवेळी पाहून देतात, आणि ते या एका प्रकारालाच लागू पडतं.

तिसरा लहान मुलांचा एएलएल, म्हणजे अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. याची कथा जरा लांबवतो, कारण ती परळमधून जाते. वऱ्हाडचा कापूस ज्या मुंबईत जाई, त्या मुंबईच्या गिरणी कामगार बायकांना गरोदरपणी जीवघेणा पंडुरोग होई. त्याचा शोध घ्यायला 1928 मध्ये लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर आली आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागली. यीस्टपासून केलेल्या मार्माइटनं त्या बायकांचं रक्त सुधारतं हे तिनं 1931 मध्ये दाखवलं. मार्माइटमधलं ते द्रव्य म्हणजे पुढं ओळखलं गेलेलं फॉलिक अॅसिड. अमेरिकेत लेडरली कंपनीत ते प्रयोगशाळेत तयार केलं भीमावरमच्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या पथकानं. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांच्या ध्यानात आलं की ल्युकेमियाच्या मुलांना फॉलिक अॅसिड दिलं तर रोग उलट भडकतो. मग त्याला अडवणारं औषध का देऊ नये? तेही सुब्बारावांच्याच पथकानं बनवून दिलं. जून 1948 मध्ये फार्बर यांनी लिहिलं: 16 मुलांपैकी 10 जणांत रोग काही काळ मागे हटला. त्याआधी कुठल्याही औषधानं हे झालं नव्हतं. सुब्बाराव त्याच वर्षी वारले; त्यांच्या हयातीत त्यांचं नाव आपल्याकडं किती जणांना ठाऊक होतं कोण जाणे. त्याच कुळातलं मेथोट्रेक्सेट आजही एएलएलच्या मुलाला आठवड्यातून एकदा गोळीच्या रूपात दिलं जातं.

हाफकिनच्या त्याच परळमध्ये 1941 साली टाटा मेमोरियल उभं राहिलं. तिथं डॉ. सुरेश अडवाणी यांनी 1983 मध्ये ल्युकेमिया झालेल्या एका मुलीला तिच्या भावाची अस्थिमज्जा दिली. भारतातलं ते पहिलं यशस्वी प्रत्यारोपण. लहानपणीच्या पोलिओमुळं अडवाणी स्वतः चाकाच्या खुर्चीत. पण माझ्या मते त्या दशकातली अधिक मोठी गोष्ट कमी गाजली. मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या तीन रुग्णालयांनी एमसीपी-841 नावाचा एकच, भारतातल्या सोयींना झेपेल असा औषधक्रम एएलएलला वापरायला सुरुवात केली. पूर्वी पाचातलं एखादं मूल वाचे. ते प्रमाण निम्म्याच्या आसपास गेलं. श्रीमंत देशांत आज ते दहात नऊच्या घरात आहे.

पूर्वपक्षवाला इथं म्हणेल, ‘निम्मी वाचली, मग निम्मी गेलीच ना? आम्ही तीच पाहिली.’ बरोबर. ती का गेली ते पाहू. काहींचा रोगच चिवट होता. काहींना उपचाराच्या काळात जंतुसंसर्गानं गाठलं. आणि काहींचा उपचार मध्येच सुटला. एएलएलचा उपचार दोन ते तीन वर्षं चालतो. पहिल्या महिना-दीड महिन्यातच मज्जा तपासल्यावर रोग दिसेनासा होतो, मूल खेळायला लागतं, केस परत येतात. निदानाच्या वेळी शरीरात रोगाच्या पेशी लाख कोटीच्या घरात असतात. सूक्ष्मदर्शकात एकही दिसत नाही तेव्हाही अब्जावधी शिल्लक असू शकतात. वावरातला कुंदा वरवर खुरपून काढला की वावर स्वच्छ दिसतं, मुळ्या खालीच असतात, हे कापूस पिकवणाऱ्याला शिकवावं लागत नाही. पण पेरणी तोंडावर आलेली, मुंबईची तारीख जूनची, पोरगं तर ठणठणीत. एक तारीख चुकते, मग दुसरी. वर्षभरानं रोग उलटतो आणि तेव्हा तो आधीपेक्षा हट्टी असतो. गाव म्हणतं, ‘किमो करूनही गेला.’ वास्तविक किमो अर्धी राहिली म्हणून गेला. अर्धवट उपचाराचं मरण पूर्ण उपचाराच्या खात्यावर टाकणं, ही या हिशोबातली सर्वांत महाग चूक आहे.

तशीच एक चूक निदानाआधीची. ताप हटेना, गाठी आल्या, की कुठंतरी स्टेरॉइडचं इंजेक्शन मिळतं. रुग्णाला दोन दिवसांत हुशारी येते, कारण एएलएल आणि काही लिम्फोमांच्या पेशी स्टेरॉइडनं खरोखरच मरतात, पण सगळ्या नाही. चित्र पुसट होतं, निदान लांबतं. निदान न झालेल्या तापाला आणि गाठींना स्टेरॉइड देऊ नये, त्याआधी सीबीसी आणि स्लाइड करून घ्यावी. वरवट बकालच्या ग्रामीण रुग्णालयासारख्या सरकारी ठिकाणी रक्ताची तपासणी फुकट होते. पेशी कमी म्हणजे डेंग्यूच, हे पावसाळ्यात बहुधा खरं असतं. पण डेंग्यूच्या प्लेटलेट आठवड्या-दीड आठवड्यात वर येतात. त्या येत नसतील, हिमोग्लोबिनही घसरत असेल आणि पांढऱ्या पेशींचा आकडा वेडावाकडा असेल, तर डेंग्यूचं नाव पुढं करत बसू नये.

पैशाचा आधार सर्वांत भक्कम, म्हणून तो शेवटी घेतला. इमॅटिनिबचंच पाहा. मूळ कंपनी नोव्हार्टिसच्या गोळीची किंमत महिन्याला लाखावर होती, भारतीय कंपन्यांची दहा हजारांच्या आसपास. मूळ कंपनी अनेक रुग्णांना ती फुकट देत होती हेही नोंदवलं पाहिजे. पण पेटंट मिळालं असतं तर स्वस्त गोळीची वाट बंद झाली असती. मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन पेटंटला विरोध करत उभी राहिली, आणि 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांच्या पीठानं नोव्हार्टिसचा दावा फेटाळला. ‘ब्लड कॅन्सरचा खर्च’ हा आकडा असा न्यायालयात, विधिमंडळात, कारखान्यात बदलत आलेला आहे. वीस वर्षांपूर्वी शेजाऱ्यानं विकलेल्या दोन एकरांवरून आज अंदाज बांधता येत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत 2023 च्या निर्णयानं कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आलं आणि ती सगळ्या शिधापत्रिकाधारकांना खुली झाली; कॅन्सरची किमो त्यात बसते. म्हणून जमिनीचा सौदा करण्याआधी योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या टेबलाशी जायचं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन. हा क्रम उलटा झाल्यानं किती वावरं गेली असतील!

योजनेत सगळं भागत नाही, हे कबूल. निदान पक्कं होईपर्यंतच्या काही तपासण्या, खोलीभाडं, बुडालेली मजुरी, सोबतच्या माणसाचं पोट, हे खिशातूनच जातं. शेगावहून रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठता येते आणि कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेभाड्यात मोठी सवलत आहे. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा टाटाच्या रुग्णांना आसरा देते. मूर्तीपेक्षा माणसाच्या निवाऱ्यावर पैसा घालणारा हा बाबा आपल्याच वऱ्हाडातला, शेंडगावचा. पण दर वेळी मुंबईच गाठली पाहिजे असंही नाही. नाव आणि औषधक्रम मोठ्या केंद्रात ठरवून पुढची बरीच औषधं नागपूरला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात घेता येतात का, हे पहिल्याच भेटीत विचारावं. लाज वाटायचं कारण नाही. तारीख चुकण्यापेक्षा जवळचं केंद्र बरं.

‘घरी आना’ या मताचं एक जुळं भावंड आहे: ‘त्याला सांगू नका.’ हेतू मायेचाच. पण किमो सुरू झालेल्या माणसाच्या पांढऱ्या पेशी काही दिवस इतक्या खाली जातात की साधा जंतूही आवरत नाही. त्या दिवसांत 100.4 ताप म्हणजे घाईची वेळ: तासाभरात अँटिबायोटिक शिरेतून जायला हवं. आता रात्रीचे अकरा वाजलेत, वरवट बकालहून अकोल्याला जायला गाडी ठरवायचीय, आणि रुग्णाला सांगितलंय की ‘रक्त कमी झालंय, टॉनिक चालू आहे.’ तो काय करेल? घरच्यांची झोप मोडू नये म्हणून एक क्रोसिन घेईल आणि पांघरूण ओढेल. ताप उतरेल, जंतू नाही उतरणार. ज्याला आपला रोग ठाऊक आहे तोच उशाशी थर्मामीटर ठेवतो, आकडा वहीत लिहितो, भेटायला आलेल्या चाळीस माणसांना ओसरीवरूनच परत पाठवा असं बायकोला सांगू शकतो, आणि श्रावण असला तरी उपास मोडतो. लहान मुलालाही त्याच्या वयाला झेपेल तेवढं सांगावं लागतं. नाहीतर पाठीतल्या सुईच्या वेळी पाच माणसांनी धरलेलं पोर पुढं दवाखान्याचं नाव काढू देत नाही.

‘कशानं झाला?’ यावरही बाकड्यावर बराच काथ्याकूट होतो. फवारणी, खारं पाणी, मागचं पाप. खाऱ्या पाण्याचा आणि मूत्रपिंडाच्या दुखण्यांचा प्रश्न या पट्ट्यात खरा आणि गंभीर आहे. त्यापायी ल्युकेमिया होतो असं सिद्ध झालेलं नाही. लिंडेनसारख्या काही कीटकनाशकांचा लिम्फोमाशी संबंध आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झाला आहे, तेव्हा फवारताना तोंड-हात झाकणं शहाणपणाचंच. तरी एखाद्या ठरावीक रुग्णाला कशानं झाला हे बहुतेक वेळा सांगता येत नाही, आणि ते कळल्यानं औषधही बदलत नाही. आईनं गरोदरपणी काय खाल्लं याची चौकशी तर पहिल्या दिवशीच बंद करावी.

आता पूर्वपक्षाचं जे उरतं ते त्याला देऊन टाकतो. सत्तरीच्या माणसाला एएमएल (अॅक्यूट मायलॉइड ल्युकेमिया) झाला, हृदय आणि मूत्रपिंडं आधीच थकलेली, तर जोरदार किमोनं तो लवकर जाण्याचा संभव मोठा असतो. तिथं सौम्य औषधं घेणं किंवा न घेणं हा निर्णय रुग्णानं घ्यावा, आणि ‘नाही’ म्हणाला तर तो पळपुटा ठरत नाही. मायलोमा अजूनही पुष्कळदा परत येतो. एएलएलसुद्धा चाळिशीत मुलांइतका वळत नाही. उलट म्हाताऱ्या माणसांतल्या सीएलएलवर (क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया) अनेकदा वर्षानुवर्षं नुसतं लक्ष ठेवायचं असतं. डॉक्टर ‘काही देत नाही’ म्हणतो तेव्हा त्यानं हात टेकले असं समजून दुसऱ्या गावाची वाट धरू नये. पण हे सगळे निर्णय नाव कळल्यानंतरचे आहेत, आणि नाव कळण्याआधी ‘घरी आना’ म्हणण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. घरी आणलेल्या माणसालाही रक्त चढवावं लागतं, नाकातून रक्त थांबेना झालं तर प्लेटलेट लागतात, हाडं ठणकली तर मॉर्फिन लागतं. त्यासाठीचा कायदा 2014 मध्ये सैल झाला, तरी ती गोळी तालुक्याच्या मेडिकलमध्ये सहज मिळत नाही. ‘सेवा करा’ म्हणणाऱ्यांनी निदान ती कुठं मिळते एवढं शोधून ठेवावं.